लग्नाचे फोटो काढले फोटोग्राफरने, पण कायद्याने ते कुणाचे?

समजा, वडखळच्या एका फोटोग्राफरने अलिबागजवळच्या रिसॉर्टवर एक लग्न शूट केलं. अल्बम दिला, पैसे मिळाले. महिनाभराने त्यातले चार चांगले फोटो त्याने आपल्या इन्स्टाग्राम पेजवर टाकले. संध्याकाळी नवरीच्या भावाचा फोन आला, "दादा, आम्हाला न विचारता फोटो का टाकले? काढून टाका." फोटोग्राफर म्हणाला, "फोटो मी काढलेत, माझे आहेत."

यात बरोबर कोण? बहुतेकांना वाटतं, ज्याचा कॅमेरा त्याचा फोटो. भारतातला कायदा मात्र वेगळं सांगतो. ते समजून घेण्याआधी हे काम कसं चालतं ते पाहू.

नाक्यावरचा फोटोग्राफर वर्षभर काय करतो?

मुंबई-गोवा महामार्गावरून येताना अलिबागचा रस्ता वडखळला फुटतो. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना आहे. पेण तालुक्यातच हमरापूर, जोहे ही गणपतीच्या कारखान्यांची गावं आहेत. पुढे अलिबागकडे रिसॉर्ट आणि समुद्रकिनारे. अशा ठिकाणी धंदा करणाऱ्याला एकाच प्रकारच्या कामावर अवलंबून राहणं परवडत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो. या भागात हळदीचा कार्यक्रम लग्नाइतकाच मोठा असतो. रात्री उशिरापर्यंत हळद आणि सकाळी पुन्हा मुहूर्ताला हजर, असे सलग दोन दिवस जातात. पावसाळ्यात लग्नं थांबतात. तेव्हा मूर्तिकारांना नव्या मूर्तींचे फोटो हवे असतात, कारण लांबचा व्यापारी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मूर्ती पाहतो आणि मग ऑर्डर देतो. अधूनमधून रिसॉर्टच्या खोल्या, हॉटेलचं मेन्यू कार्ड, दुकानाचं उद्घाटन, एखाद्या ठेकेदाराच्या साइटचे फोटो अशी कामं येतात.

शूटिंग हा कामाचा दिसणारा भाग. त्यानंतर हजारो फोटोंतून निवड, रंगदुरुस्ती, अल्बमची मांडणी आणि दोन-दोन हार्ड डिस्कवर कॉपी ठेवणं हे सगळं दुकानाचं शटर ओढल्यावर चालतं. आणि पुढचं काम मिळतं ते आधीचं काम दाखवूनच. म्हणून जुने फोटो वापरता येणं हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. या कायद्यानुसार फोटो काढणारी व्यक्ती ही त्या फोटोची 'कर्ता' असते. मात्र कर्ता आणि मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १७ सांगतं की, एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा काही करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. व्हिडिओ फिल्मलाही हाच नियम आहे.

म्हणजे आपल्या उदाहरणात लग्नाचं बुकिंग ज्याने केलं, त्याच्याकडे कॉपीराइट गेला. त्याच्या परवानगीशिवाय ते फोटो जाहिरातीसाठी वापरता येत नाहीत. मूर्तिकाराने पैसे देऊन काढून घेतलेले मूर्तींचे फोटो मूर्तिकाराचे. एखाद्या कंपनीत पगारावर असलेल्या फोटोग्राफरने नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटो, वेगळं ठरलं नसेल तर, कंपनीचे.

पण तोच फोटोग्राफर एखाद्या पहाटे स्वतःहून धरमतरच्या खाडीवर गेला, कुणी सांगितलं नव्हतं आणि पैसेही दिले नव्हते, तर तो फोटो पूर्णपणे त्याचा. उद्या एखाद्या हॉटेलने तो न विचारता होर्डिंगवर लावला तर त्याला दाद मागता येते. त्यासाठी आधी नोंदणी केलेली असणं बंधनकारक नाही, कारण फोटो काढला की कॉपीराइट आपोआप मिळतो. शिवाय कलम ६२ नुसार तो जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो.

मग फोटोग्राफरकडे काहीच उरत नाही का?

उरतं. कलम ५७ कर्त्याला दोन खास हक्क देतं. एक, हे काम माझं आहे असं सांगण्याचा. दोन, आपल्या नावाला बट्टा लागेल अशी त्या कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. कॉपीराइट दुसऱ्याकडे असला तरी हे हक्क राहतात. म्हणजे फोटो वापरायला परवानगी लागेल, पण 'मी काढलेला' म्हणण्याचा हक्क कायम.

इतर देशांत काय आहे?

आपला नियम जुन्या ब्रिटिश कायद्याच्या वळणाचा आहे. ब्रिटनने मात्र १९८८ च्या कायद्याने तो बदलला. तिथे आता पहिला मालक फोटोग्राफर असतो. पण घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो लोकांपुढे येऊ न देण्याचा हक्क ग्राहकाला वेगळा दिलेला आहे. म्हणजे धंदा आणि खाजगीपणा, दोन्हींचा विचार झाला. भारतात हा समतोल दोघांना आपसात ठरवावा लागतो.

कागदावर काय लिहायचं?

कलम १७ मधले 'वेगळा करार नसेल तर' हे शब्द इथे कामाला येतात. अ‍ॅडव्हान्स घेतानाच एका पानावर, साध्या मराठीत, एवढं लिहून दोघांनी सह्या केल्या तरी बरंच काम होतं:

• कॉपीराइट कुणाकडे राहील.
• फोटोग्राफर कोणते फोटो, कुठे दाखवू शकेल. लहान मुलांचे आणि हळदीतले फोटो वगळायचे का.
• मूळ फाइल्स द्यायच्या का, आणि फोटोग्राफर त्या किती दिवस जपून ठेवेल.
• रिसॉर्ट, मेकअप आर्टिस्ट किंवा डेकोरेटरने फोटो मागितले तर कुणाला विचारायचं.
• कार्यक्रम रद्द झाला तर अ‍ॅडव्हान्सचं काय.

काम झाल्यावर कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर लेखी आणि सहीचा कागद लागतोच, तोंडी चालत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

ग्राहकांसाठीही हे कामाचं आहे. बुकिंग करताना आपण तारीख, पॅकेज आणि अल्बमची पानं विचारतो. त्याच वेळी "आमचे फोटो तुम्ही कुठे टाकणार?" हेही विचारा. आणि फोटो दाखवायला हरकत नसेल, तर तसं लिहून द्या. त्या चार फोटोंवरच त्याला पुढचं लग्न मिळणार असतं.