विजेरीची बादलीतली परीक्षा

विजेरीच्या खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ठळक असतो. खरी माहिती मात्र बारीक अक्षरांत दडलेली असते. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारी, तर ‘आयपीएक्स ७’ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकणारी.

घरी ताडून पाहायचे तर आधी सेल काढून ठेवावेत. त्यांच्या जागी टिश्यू पेपरची कोरडी सुरळी सरकवून झाकण घट्ट फिरवावे आणि विजेरी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी. फटीतून बुडबुड्यांची माळ निघत राहिली, तर निकाल तिथेच लागला: हवा बाहेर, पाणी आत. बुडबुडे दिसले नाहीत, तरी विजेरी बाहेरून नीट पुसून मगच उघडावी. नाहीतर आट्यांमधला थेंब कागदावर पडून फसगत होते. कागद ओलसर लागला, तर गळती आहे.

दोष बहुधा आट्यांजवळच्या रबरी कड्यात असतो. वाळूचा कण किंवा एखादा केस अडकला, तरी पाणी वाट काढते. कडे पुसून त्याला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. चिरले असल्यास बदलावे.

बादलीत पाणी जेमतेम फूटभर असते. त्यामुळे तिथे पास झालेली विजेरी पावसात चालेल. विहिरीत पडल्यावर टिकेलच, असे नाही.