केबलचे भाडे आणि छत्रीचा हिशोब

सुताचे भाव चढलेले आणि कोऱ्या कपड्याला गिऱ्हाईक नाही, अशी वेळ आली की आपण मालेगावचे लोक सर्वांत आधी घरखर्चाची वही उघडतो. २०२४ च्या सुरुवातीला आम्हीही ती उघडली. दूध, किराणा, वीज, मुलांची फी यांवर कात्री चालेना. शेवटी बोट एका ओळीवर थांबले. ती ओळ होती केबलची. घरात दोन टीव्ही आणि घरामागच्या आठ लूमच्या कारखान्यात मजुरांच्या खोलीत एक, अशी आमची तीन कनेक्शने. दर कनेक्शनला महिना तीनशे रुपये. म्हणजे महिन्याला नऊशे आणि वर्षाला दहा हजार आठशे. हे पैसे आम्ही वर्षानुवर्षे न विचारता देत होतो. सुताच्या व्यापाऱ्याशी आठ आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस केबलचे बिल मात्र निमूटपणे भरतो, याचे आमचे आम्हालाच नवल वाटले.

म्हणून आम्ही या गोष्टीत लक्ष घातले. त्यातून जे कळले, जे जमले आणि जे चुकले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

बिलात असते काय?

केबलच्या बिलात दोन वेगळ्या वस्तूंचे पैसे असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एक तार घरापर्यंत आणण्याचे भाडे आणि दुसरी पैसे देऊन बघायच्या चॅनलांची किंमत. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने नवी दरपद्धत लागू केली. त्या वेळी शंभर चॅनलांपर्यंतच्या भाड्याला १३० रुपयांची मर्यादा होती. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे होत. २०२० मध्ये तेवढ्याच भाड्यात दोनशे चॅनल द्यावेत असे ठरले आणि २०२४ च्या जुलैत भाड्यावरची ही मर्यादाच काढून टाकण्यात आली. करमणुकीचे आणि खेळांचे पैसेवाले चॅनल घेतले की त्यांची किंमत वर चढते. बातम्यांचे बरेच चॅनल आणि दूरदर्शनचे सर्व चॅनल फुकटच असतात. आमच्या मजुरांच्या खोलीत जे बघितले जात होते त्यातला मोठा भाग या फुकट चॅनलांचाच होता. म्हणजे तिथे आम्ही मुख्यतः तारेचे भाडे भरीत होतो.

जुना अँटेना का नाही चालत?

आमच्या वयाच्या लोकांना गच्चीवरचा अॅल्युमिनियमचा अँटेना चांगला आठवतो. १९८४-८५ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि घराघरावर काड्या दिसू लागल्या. एकजण वर अँटेना फिरवी, दुसरा खालून ओरडे, ‘बस, आता हात लावू नका!’ १९९० नंतर केबल आली आणि त्या काड्यांवर कबुतरे बसू लागली.

आमच्या गच्चीवर तो पाइप अजून उभा होता. त्यालाच नवा अँटेना लावावा असे आमच्या मनात होते. पण २०२१-२२ पर्यंत दूरदर्शनने आपले बहुतेक जुने अॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले. सीमाभागासारखी थोडी ठिकाणे तेवढी वगळली. त्यामुळे मालेगावसारख्या गावात आता नुसत्या अँटेन्यावर भरवसा ठेवता येत नाही. भाडे न देता टीव्ही बघायचा तर आकाशाकडे तोंड करणारी छत्री, म्हणजे डिश, हाच मार्ग उरतो.

दूरदर्शनची ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ चॅनलांनिशी सुरू झाली. तेव्हा तिचे नाव डीडी डायरेक्ट प्लस होते, आता डीडी फ्री डिश आहे. तिला दरमहा भाडे नाही. रिचार्ज नाही. एकदा छत्री, बॉक्स आणि वायर घेतली की काम झाले. कोणी फोन करून ‘तुमच्या फ्री डिशचा रिचार्ज संपला’ म्हणाला तर तो ठग आहे असे समजावे.

दिशा सापडते कशी?

या सेवेचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर एका जागी स्थिर दिसतो. मालेगावातून बघितले तर तो आग्नेय दिशेला सुमारे ५८ अंश उंचीवर येतो.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मास्तरांनी दिशा शिकवल्या त्या मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब अशा. बॉक्सबरोबर आलेल्या इंग्रजी कागदाचा आम्हाला फारसा उपयोग झाला नाही. पण आपल्या लोकांना एक दिशा पक्की ठाऊक असते, ती किब्ल्याची. किब्ल्याकडे पाठ करून उभे राहावे आणि उजव्या हाताला काटकोनाच्या निम्म्याहून थोडे कमी वळावे. मालेगावात छत्रीची दिशा हीच. बाकीचे बारीक काम फिटरने मीटर लावून करावे.

आणखी एक गोष्ट. ही छत्री बघणाऱ्याला वाटते त्यापेक्षा जास्त वर बघत असते. तिच्या बनावटीमुळे ती जवळजवळ उभी दिसते, तरी तिची नजर उंच असते. म्हणून ‘समोर इमारत आहे, आमच्याकडे लागणार नाही’ असे लगेच म्हणू नये. आग्नेयेला छत्रीपेक्षा दहा फूट उंच भिंत असेल तरी छत्री तिच्यापासून सात फूट दूर ठेवली की चालते.

जागेची परीक्षा सूर्यही करून देतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी सकाळी अकराच्या आगेमागे सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या वेळी तुमच्या जागेवर ऊन असेल तर जागा चांगली, सावली असेल तर जागा बदलावी. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र आपोआप जाते आणि परत येते. तेव्हा घाबरून फिटरला बोलावू नये.

आमची चूक

रमजान ईद झाल्यावर एका शुक्रवारी आम्ही छत्री लावली. शुक्रवारी लूम बंद, म्हणून सवड. जुन्या अँटेन्याचा पाइप हलतो, तो नको, एवढे शहाणपण आम्ही केले. घर आणि कारखाना यांच्यामधल्या भिंतीवर छत्री बसवली, म्हणजे दोन्हीकडे वायर कमी लागेल. दोन टीव्हींसाठी दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वेगळ्या वायरी घेतल्या. एका वायरीवर दोन बॉक्स जोडले की एक चॅनल लावताना दुसऱ्याचे जाते. छत्री, एलएनबी, नव्या पद्धतीचे दोन एमपीईजी-४ बॉक्स, वायर आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये झाले.

आमचे केबल चालवणारा मुलगा म्हणजे आमच्या एका मरहूम दोस्ताचा लेक. त्याच्या वालिदांचे चार लूम मंदीत भंगारात गेले, तेव्हा त्यांनी केबलचा धंदा सुरू केला होता. दोन कनेक्शने बंद केल्याचे आम्ही त्याला सांगितलेही नव्हते. महिनाअखेरीला तो दुकानात आला.

‘चाचा, माझ्याकडून काही चूक झाली का?’

‘चूक नाही बेटा, मंदी आहे. हिशोब करावा लागतो.’

‘हिशोब मीही करतो, चाचा. कंपनीचा हिस्सा, चॅनलांचे पैसे, कर, वायरमनचा पगार. तीनशेतले माझ्या हाती किती राहतात ते एकदा विचारा तरी.’

आम्ही विचारले नाही. तो चहाही न घेता गेला.

जून लागला आणि टीव्हीवरचे चित्र चौकोन चौकोन होऊन फुटू लागले. ज्या दुकानातून माल घेतला तिथे फोन केला. उत्तर मिळाले, ‘पाऊस आहे, असे होणारच.’ जोराच्या पावसात थोडा वेळ चित्र जाते हे खरे आहे. पण आमचे चित्र नुसत्या ढगातही फुटत होते. नंतर त्या दुकानदाराने फोन उचलणे सोडले. इकडे टी-ट्वेंटी विश्वचषक सुरू. २७ जूनला भारत-इंग्लंड उपांत्य सामना होता, तो मजुरांनी निम्मा ऐकला, निम्मा बघितला. मुकादम सकाळी म्हणाला, ‘शेठ, यापेक्षा केबल बरी होती.’

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. केबलवाला मुलगा वरच्या मजल्याचे बिल घ्यायला आला. आकाश भरलेले होते, तरी दिवाणखान्यातले चित्र स्वच्छ होते. त्याने टीव्हीकडे बघितले आणि विचारले, ‘चाचा, आज लूम बंद आहेत ना?’ एवढे विचारून तो गच्चीवर गेला. छत्रीचे चारही नट हाताने फिरत होते. दोन महिने आठ लूमची धडधड त्या भिंतीला बसत होती आणि छत्री आपल्या जागेवरून सरकत होती. लूम चालले की ती थरथरे, लूम थांबले की स्थिर होई. ढगांचा काही दोष नव्हता.

त्याने छत्री काढून रस्त्याकडच्या सिमेंट काँक्रीटच्या खांबावर बसवली. स्प्रिंग वॉशर आणि डबल नट लावले. वायरीच्या जोडावर टेप गुंडाळली, म्हणजे पाणी आत शिरायला नको. मीटर लावून दिशा पक्की केली. आम्ही तीनशे रुपये पुढे केले. त्याने ते घेतले आणि म्हणाला, ‘हे मजुरीचे. केबलचे नव्हे.’ आम्हाला ओशाळल्यासारखे झाले. २९ जूनला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवले, तो अंतिम सामना मजुरांच्या खोलीत एकदाही न अडकता दिसला.

काय मिळते, काय जाते?

क्रिकेटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण दूरदर्शनला द्यावे लागते. २२ ऑगस्ट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येते, खासगी केबलवर नाही. म्हणून भारताचे महत्त्वाचे सामने छत्रीवर फुकट मिळतात. आयपीएल मात्र या यादीत नाही.

मराठीसाठी सह्याद्री आहे, उर्दूसाठी २००६ पासून डीडी उर्दू आहे, आकाशवाणीची केंद्रे आहेत. मुलांसाठी पीएम ई-विद्याचे इयत्तावार धडे देणारे चॅनल आहेत. ज्या घरात मुलांची शिकवणी परवडत नाही त्यांनी ते जरूर बघावेत.

पण खासगी चॅनलांची शाश्वती नाही. ते दूरदर्शनकडून लिलावात जागा घेतात आणि जाहिरातींतून पैसे काढतात. परवडले तर राहतात, नाही तर निघून जातात. १ मार्च २०१९ ला हिंदी मालिकांचे चार मोठे चॅनल एकदम गेले आणि २०२० मध्ये परत आले. पुढेही ये-जा चालूच राहिली. ज्या मालाचे पैसे आपण दिले नाहीत त्याची तक्रार कोणाकडे करणार? आमच्या सुनेच्या आवडीच्या मराठी मालिका छत्रीवर येत नाहीत. तिने स्पष्ट सांगितले, ‘अब्बा, खाली काय करायचे ते करा, वरची तार राहू द्या.’ तिचे म्हणणे रास्त होते. वरच्या मजल्यावर केबल आहे, खाली आणि कारखान्यात छत्री.

आता जमाखर्च. बंद झालेल्या दोन कनेक्शनांचे महिन्याला सहाशे वाचतात. खर्च ३,८०० आणि दुरुस्तीचे ३००, एकूण ४,१००. सातव्या महिन्यात खर्च वसूल झाला. त्यानंतर वर्षाला ७,२०० रुपये शिल्लक.

बांधवांना आमचे सांगणे

मजुरांच्या खोलीसाठी, दुकानासाठी, खेड्यातल्या घरासाठी आणि ज्यांचे बातम्या, जुने चित्रपट आणि भारताचे सामने यांवर भागते त्यांच्यासाठी छत्री फायद्याची आहे. ज्यांच्या घरी ठरावीक मालिका किंवा आयपीएल हवेच, त्यांनी केबल तोडण्याआधी घरातल्या बायकामुलांना विचारावे. तोडून पुन्हा जोडण्यात दुहेरी खर्च आहे.

लूमच्या भिंतीवर, पत्र्यावर किंवा हलत्या पाइपवर छत्री लावू नये. माल घेताना दुरुस्तीला कोण येणार ते आधी ठरवून घ्यावे आणि पावती घ्यावी. मीटर नसलेल्या फिटरला काम देऊ नये. गल्लीतल्या केबलवाल्याकडे मीटर असते आणि हातही बसलेला असतो. हे काम त्याला दिले तर त्याचीही मजुरी सुटते. आमच्या गल्लीत त्या मुलाने यानंतर आणखी काही छत्र्या बसवल्या. केबलची घरे त्याची कमीच होत आहेत, ती भरपाई यातून होत नाही, हेही आम्ही लपवीत नाही.

आणि शेवटचे. कनेक्शन बंद करायचे ठरले तर महिना संपण्याआधी स्वतः जाऊन त्याला सांगावे. आम्ही सांगितले नाही, ते चुकले.