लोभ
वस्तूविषयीची अधाशी, न शमणारी इच्छा. भ्रांत होणे, तीव्र इच्छा करणे या अर्थांच्या ‘लुभ्’ या संस्कृत धातूपासून हा शब्द साधला आहे. षड्रिपूंत लोभ तिसरा. बौद्ध मतानुसार लोभ, द्वेष व मोह ही तीन अकुशलमूले होत. दानाचे मूळ अलोभात आहे. नाणेघाटमार्गे कोकणाशी व्यापार करणाऱ्या जुन्नरच्या लेण्यांत, धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके ‘देयधर्म’ म्हणून दिल्याचा कोरीव लेख आहे. नफ्यावर जगणाऱ्यांचे हे दान लक्षणीय होय.

मराठीत या शब्दाला स्नेहाचाही अर्थ आहे. जुन्नर-आंबेगावसह सर्व मराठी मुलखात पत्राची अखेर ‘लोभ असावा’ अशी करण्याचा प्रघात होता. अर्थ बहुधा विभक्ती व क्रियापद यांवरून ठरतो : पैशाचा, जमिनीचा लोभ सुटतो, माणसावर लोभ असतो किंवा ठेवला जातो. ‘लोभी’ निंदाव्यंजक, ‘लोभस’ प्रशंसापर. निव्वळ अधाशीपणासाठी ‘हाव’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे; ‘हाव असावी’ असे पत्रात कोणी लिहीत नाही. ‘हावभाव’ या समासातील पुल्लिंगी ‘हाव’ (शृंगारचेष्टा) हा संस्कृत शब्द मात्र याहून वेगळा आहे.