संगणकांच्या जाळ्यातील झाड

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या नामांकित रुग्णालयातील संगणकांचे जाळे नोव्हेंबर २००२ मध्ये ठप्प झाले. सुमारे चार दिवस डॉक्टरांना औषधे कागदावर लिहून द्यावी लागली आणि तपासण्यांचे अहवाल हातोहात पोहोचवावे लागले. या गोंधळामागे व्हायरस नव्हता की कोणी घुसखोरही नव्हता. जाळ्यातील संदेश स्वतःभोवतीच फिरू लागले होते.

कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडणारी पेटी म्हणजे स्विच. कोणता संगणक कोणत्या केबलच्या टोकाला आहे, हे स्विच येणाऱ्या संदेशांवरून शिकत जातो. पत्ता अनोळखी असला किंवा संदेश सर्वांसाठी असला, की तो ज्या केबलवरून आला ती वगळून बाकी सर्व केबलवर पाठवून दिला जातो. आता दोन स्विच दोन केबलांनी जोडले, तर एका केबलवरून गेलेला संदेश दुसऱ्या केबलवरून परत येतो आणि पुन्हा पुढे पाठवला जातो. इंटरनेटवरील संदेशाला आयुष्याची मर्यादा असते. प्रत्येक टप्प्यावर तिच्यातून एक वजा होतो आणि शून्यावर संदेश नष्ट होतो. स्विचमधून जाणाऱ्या इथरनेटच्या संदेशाला मात्र असे मरणच नाही. काही क्षणांतच अशा फेऱ्यांनी केबल भरून जाते आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही.

मग दुसरी केबल जोडायचीच कशाला? कारण पहिली केबल कधीतरी तुटतेच. उंदीर ती कुरतडतात, गवंड्याची छिन्नी तिच्यावर पडते.

हा पेच १९८५ मध्ये सोडवला तो डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील रेडिया पर्लमन यांनी. त्यांच्या पद्धतीचे नाव 'स्पॅनिंग ट्री'. वडाच्या पारंब्यांचा अपवाद सोडला, तर झाडाची फांदी फिरून खोडाला मिळत नाही. जाळ्यालाही तसाच आकार द्यायचा, ही त्यामागची कल्पना. प्रत्येक स्विचला एक क्रमांक असतो आणि सर्वांत लहान क्रमांकाचा स्विच झाडाचे मूळ ठरतो. बाकीचे स्विच मुळापर्यंतचा सर्वांत स्वस्त मार्ग निवडतात. उरलेल्या जादा वाटा बंद केल्या जातात. तोडल्या मात्र जात नाहीत. (क्रमांकाचा पहिला भाग, म्हणजे अग्रक्रम, कारखान्यातून बहुधा सर्वांना सारखाच, ३२७६८, दिलेला असतो. मग निर्णय उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावर होतो आणि कोपऱ्यातला एखादा जुनाट स्विचही अख्ख्या इमारतीचा मुखिया होऊन बसतो. दक्ष व्यवस्थापक म्हणूनच हा अग्रक्रम स्वतः ठरवून देतात.)

बंद वाटेवरचा स्विच गप्प असला तरी कान देऊन असतो. मुळाकडून दर २ सेकंदांनी निघणारे निरोप २० सेकंद आले नाहीत, तर मूळ मार्ग तुटला असे तो समजतो आणि प्रत्येकी १५ सेकंदांच्या दोन टप्प्यांनंतर बंद वाट खुली करतो. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या सुधारित आवृत्तीत हे काम बहुधा एक-दोन सेकंदांतच उरकते.

सारे काही या निरोपांवर अवलंबून आहे, आणि नेमकी येथेच पद्धतीची नाजूक बाजू आहे. मार्ग शाबूत असूनही माहितीच्या लोंढ्यात निरोप हरवले, तर स्विच नको ती वाट उघडतो आणि फेरा सुरू होतो. पद्धतीच्या मूळ वेळमर्यादा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्तीत जास्त ७ स्विच गृहीत धरून आखल्या आहेत. बोस्टनच्या रुग्णालयाचे जाळे वर्षानुवर्षे तुकड्याला तुकडा जोडत वाढले होते आणि ही मर्यादा त्याने केव्हाच ओलांडली होती. त्यात संशोधनाच्या कामासाठी प्रचंड माहितीची देवाणघेवाण सुरू झाली आणि जाळे कोसळले. रुग्णालयाचे माहिती अधिकारी जॉन हालम्का यांनी ही हकिगत न लपवता जाहीरपणे सांगितली, ही गोष्ट विरळाच.

आज मोठी डेटा केंद्रे शक्यतो मार्गनिवडीच्या अन्य पद्धती वापरतात. कार्यालयांत व घरांत मिळणाऱ्या अनेक स्वस्त स्विचमध्ये मात्र स्पॅनिंग ट्रीची सोयच नसते. तेथे लोंबणाऱ्या एखाद्या केबलची दोन्ही टोके कोणी एकाच पेटीत खोचली, तरी सारा मजला बंद पडू शकतो.