पोळीच्या तुकड्यापलीकडची जीवदया

जिन्याखाली थरथरत बसलेले पिल्लू कुणीतरी घरी आणते. पोळी, वरणभात, पाणी घातलेले दूध मोठ्या मायेने भरवले जाते. पोट भरलेले दिसते आणि साऱ्या घराला समाधान वाटते. काही आठवड्यांनी मात्र ते खेळेनासे होते. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, पंजे पसरतात, उचलताच ते कळवळते. कुणी मारले असेल, गाडीचा धक्का लागला असेल, अशी शंका येते. पुष्कळदा यांपैकी काहीच घडलेले नसते. आपण प्रेमाने दिलेले अन्नच त्याच्या हाडांना अपुरे पडलेले असते.

वाढत्या पिल्लाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे अधिक, साधारण १.२ ला १ या प्रमाणात असावे लागते. गव्हाच्या पिठात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे दहापट असतो. केवळ बिनहाडाच्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लांत हा असमतोल आणखी तीव्र असतो. रक्तातील कॅल्शियम घटू लागले की गळ्यातील पराथायरॉइड ग्रंथींच्या प्रभावाने ते हाडांतून ओढले जाते. म्हणून रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक दिसू शकते, पण हाडे पातळ होत जातात आणि लहानशा उडीनेही ओल्या फांदीसारखी दुमडतात. क्ष-किरण तपासणीत हे स्पष्ट होते. 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूसही पाय वाकवतो. माणसाप्रमाणे कुत्र्याला उन्हातून हे जीवनसत्त्व पुरेसे बनवता येत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते.

उपचाराचा पाया म्हणजे योग्य आहार. वाढत्या पिल्लांसाठी तयार केलेले संपूर्ण, संतुलित खाद्य दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. घरात शाकाहारी खाद्यच द्यायचे असेल, तर ते वाढीच्या वयाला पुरेसे आहे ना, याची पशुवैद्यांकडून खात्री करून घ्यावी. खाद्य संतुलित असताना वर कॅल्शियमची भुकटी किंवा 'ड' जीवनसत्त्वाची मात्रा मनाने देऊ नये; अतिरेकही अपाय करतो.

दुसरा उपचार विश्रांतीचा. काही आठवडे पिल्लाला मऊ अंथरुणाच्या लहानशा जागेत ठेवावे. जिने, उड्या, घसरती फरशी टाळावी. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली असावा. वेदनाशामक औषध पशुवैद्यांनी दिलेलेच द्यावे. माणसांच्या गोळ्या कुत्र्याला घातक ठरू शकतात. अशा ठिसूळ हाडांना प्लॅस्टर बांधल्यास भार दुसरीकडे पडून नवे हाड मोडण्याचा धोका असतो, म्हणून पुष्कळदा ते टाळले जाते.

आहार सुधारल्यावर वेदना लवकर कमी होऊ लागतात, पण हाडे घट्ट व्हायला अनेक आठवडे लागतात. पिल्लू चालू लागले म्हणून त्याला लगेच मोकळे सोडू नये. काहींचा बाक कायम राहतो. कटी अरुंद राहिली तर बद्धकोष्ठता जडते आणि मादीला पुढे प्रसूती अवघड जाते. म्हणून योग्य वेळी तिची नसबंदी करून घ्यावी.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोधाची गणना होते. पोळी देणारा हात अन्न रोखत नाही, हे खरे. तरीही आश्रित जीवाला कोणते अन्न पुरते, हे जाणून घेणे त्याच दयेचा भाग आहे. उद्या आपण एखादे पिल्लू घरी आणलेत, तर पहिल्याच आठवड्यात त्याला तपासून घ्या आणि आपण काय भरवतो, ते पशुवैद्यांना निःसंकोच सांगा.