कार्पेट भिजलंय? आधी उलटं करा

आजचा विषय छोटा आहे, पण जुलैमध्ये कांजूरमार्गला राहणाऱ्यांना लगेच पटेल. खिडकीतून पाऊस आत येतो, कार्पेटचा कोपरा भिजतो, आपण वरवर पुसतो आणि लोकल पकडायला पळतो. हाताला कोरडं लागतं हो, पण खालच्या थरात पाणी तसंच असतं. या दमट हवेत एक-दोन दिवसांत बुरशी धरते, मग तो कुबट वास. घरात कुणाला दमा असेल तर हे साधं प्रकरण नाही.

म्हणून जुन्या टॉवेलने दाबून पाणी टिपा, कार्पेट उलटं करून दोन खुर्च्यांवर टाका आणि पंखा फुल. फरशीही पुसा.

चहा सांडला तर घासायचं नाही, कडेकडून मध्याकडे टिपत यायचं. ब्लीच तर नकोच, लोकर त्यात अक्षरशः विरघळते. लोकर आहे की सिंथेटिक, कळत नसेल तर कडेचा सुटलेला धागा कात्रीने कापा (ओढू नका, वीण उसवते) आणि स्टीलच्या ताटलीत जाळा. केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर. वितळून गोळी झाली तर सिंथेटिक, मग त्यावर गरम इस्त्री कधीच नको.

सोफ्याच्या पायाने खड्डा पडलाय? त्यात बर्फाचा खडा ठेवा, वितळला की पाणी टिपा आणि बोटांनी तंतू उभे करा. पण हा प्रयोग दिवाळीनंतर, पावसाळ्यात अजिबात नाही.