मांडीवरून घसरगुंडी

प्लास्टर भिजलं तर काय करायचं, हे या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण नाशिकहून एका बाबांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. ते लिहितात, ‘डॉक्टर, तुम्ही पडण्याबद्दल लिहिता. आमचा मुलगा पडलाच नाही. पावणेदोन वर्षांचा आहे. माझ्या मांडीवर बसून घसरगुंडीवरून खाली आला, मध्येच कळवळून रडला आणि तेव्हापासून उजवा पाय टेकवेना. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. दहा दिवसांनी पुन्हा काढला, तर नडगीचं हाड मोडलेलं. मी त्याला घट्ट धरलं होतं. मग मोडलं कसं? घरात सगळे विचारतात, तुझं लक्ष कुठे होतं?’

लक्ष त्याच्यावरच होतं. हाड मोडलं ते धरलं होतं म्हणूनच. हे वाचायला कठोर वाटेल, पण नेमकं काय झालं ते उलगडून सांगितल्याशिवाय या बाबांना रात्री झोप लागायची नाही. ‘होतं असं, मनाला लावून घेऊ नका’ एवढ्यावर कुणाचंही समाधान होत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय.

पावणेदोन वर्षांचं मूल साधारण 11 किलोचं असतं. ते एकटं घसरताना त्याच्या बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या कडेला अडकला, तर ते तिथेच थांबतं किंवा आडवं होतं. त्याच्या पायावर फक्त त्याचं स्वतःचं वजन येतं. आता त्याला 70 किलोच्या माणसाच्या मांडीवर बसवा. बूट कडेला टेकला की तळवा जागच्या जागी राहतो आणि वरचं 81 किलोंचं ओझं उताराच्या वेगाने पुढे जातं. मोठ्या माणसाला काही कळायच्या आत पाय मागे पिरगळला जातो. हा पीळ गुडघा आणि घोटा यांच्या मध्ये नडगीच्या हाडावर येतो. हाड दाब बराच सोसतं, पीळ मात्र फार सोसत नाही. चीर हाडाच्या खालच्या भागाभोवती तिरकी फिरत जाते. मूल मांडीवरून निसटलेलं नसतं, त्याला खरचटलेलंही नसतं. बागेत शेजारी उभ्या असलेल्या आईला तर काही घडल्याचं दिसतसुद्धा नाही.

हा काही अपवादात्मक प्रकार नाही. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात घसरगुंडीवरच्या दुखापतींचे आकडे मांडले होते. 2002 ते 2015 या काळात अमेरिकेत सहा वर्षांखालची सुमारे साडेतीन लाख मुलं घसरगुंडीवर दुखापत होऊन दवाखान्यात आली आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलांचं हाड मोडलेलं होतं. सर्वांत जास्त मुलं एक ते दोन वर्षांमधली होती. म्हणजे नेमकं ते वय, ज्या वयात आपण मुलाला ‘एकटा नको, माझ्याबरोबर ये’ म्हणतो.

आणि मूल पडलेलं नसतं, म्हणूनच हा प्रकार सांगितला जात नाही. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘पडलं का?’ आईबाप प्रामाणिकपणे सांगतात, ‘नाही.’ डॉक्टरही मग दुसरीकडे शोधायला लागतात. मी वेगळं विचारतो. ‘काल-परवा बागेत गेला होतात? घसरगुंडी खेळलात? कुणाच्या मांडीवर होता?’ तिसऱ्या प्रश्नाला आजोबा किंवा मावशी एकदम गप्प होतात. डॉक्टर हे खोदून खोदून विचारतात तेव्हा पालकांना आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. न चालणाऱ्या तान्ह्या बाळाचं हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना खरोखरच अधिक खोलात जावं लागतं, आणि ते त्या बाळाच्या भल्यासाठीच असतं. पण चालतं-फिरतं मूल, नडगीच्या खालच्या भागातली बारीक तिरकी चीर आणि मांडीवरची घसरगुंडी, हे सगळं एकमेकांशी चपखल जुळतं. तेव्हा जे झालं ते जसंच्या तसं सांगा. काहीही लपवू नका.

आता पहिल्या एक्स-रेबद्दल. पत्रात त्याचा राग दिसतो आणि तो मी समजू शकतो. पण या फ्रॅक्चरची ही जुनीच ओळख आहे. 1964 मध्ये माँट्रियलचे क्ष-किरणतज्ज्ञ जे. एस. डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या नडगीतल्या या चिरेचं वर्णन छापलं, तेव्हा तिचं सहजी न दिसणं त्यांनी शीर्षकातच सांगून टाकलं होतं. चीर केसाएवढी बारीक असते आणि तिरकी असते. किरण वेगळ्या कोनातून गेले की ती फोटोत उमटतच नाही. पाय थोडा आतल्या बाजूला वळवून काढलेल्या तिरक्या फोटोत कधीकधी दिसते. सात ते दहा दिवसांनी मात्र शरीर स्वतःच पुरावा देतं. मोडलेल्या जागी नवं हाड धरायला लागतं आणि फोटोत हाडाच्या कडेला एक पातळ पांढरी रेघ उमटते. दुसऱ्या एक्स-रेत आपण बहुधा मोडणं पाहत नसतो, जुळणं पाहत असतो.

मग मधल्या दिवसांत डॉक्टर कशावर भरवसा ठेवतात? हातावर. मूल आईच्या मांडीवरच बसलेलं बरं. मी आधी चांगला पाय तपासतो, म्हणजे त्याला खेळ वाटतो. मग दुखऱ्या नडगीवरून हाताची मागची बाजू हलकेच फिरवतो. मोडलेल्या जागी बऱ्याचदा थोडी ऊब लागते. मग गुडघा वाकवून पाऊल अगदी हलकं वळवायचं आणि तेव्हा पायाकडे न बघता मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं. ओठ मुडपला की उत्तर मिळालं.

आणखी एक खूण घरीही दिसते. अशी बरीच मुलं उभी राहत नाहीत, पण रांगतात, आणि मजेत रांगतात. रांगताना भार गुडघ्यावर येतो, नडगीच्या खालच्या भागावर येत नाही. आजी म्हणते, ‘अगं, चांगला रांगतोय की, लाडात आलाय.’ लाडात नाही आलेला. चालणारं मूल एकाएकी पुन्हा रांगायला लागलं की दाखवून घ्यावंच.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. पाय टेकवत नाही आणि अंगात तापही आहे, किंवा मूल मलूल आहे, कंबर-गुडघा हलवूच देत नाही, रांगतही नाही, तर घसरगुंडीची गोष्ट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात किंवा हाडात जंतुसंसर्ग झाला तरी मूल असंच पाय धरून बसतं, आणि तिथे दहा दिवस थांबणं तर दूरच, एक रात्रही थांबायचं नसतं.

मधल्या दिवसांत घरात काय होतं तेही मला ठाऊक आहे. ‘लचक भरली असेल, तेल कोमट करून चोळ.’ कृपा करून चोळू नका. मोडलेल्या हाडाला चोळण्याने काही मिळत नाही, फक्त मूल किंचाळतं आणि पुढच्या वेळी कुणालाच पायाला हात लावू देत नाही. बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधून घेणं तर त्याहून वाईट. बोटं काळीनिळी पडून आलेली मुलं मी पाहिली आहेत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. त्याचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि सिरपच्या बाटल्या कमी-जास्त ताकदीच्या मिळतात. डॉक्टरांनी सांगितलेली बाटली आणि हातातली बाटली यांच्यावरचा आकडा एकच आहे ना, ते पाहूनच द्या.

प्लास्टर घालायचं की नाही, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. पत्रातल्या बाबांना एकाने पक्कं प्लास्टर सांगितलं, दुसऱ्याने ‘काही नको’ म्हटलं, आणि ते गोंधळले. दोघंही चूक नाहीत. लहान मुलाच्या हाडावरचं आवरण जाड असतं. शेवग्याची शेंग मोडली तरी साल तिला धरून ठेवते, तसं ते आवरण चिरेला धरून ठेवतं. शिवाय शेजारचं बारीक हाड शाबूत असतं, ते आयत्या पट्टीचं काम करतं. त्यामुळे हे हाड जागचं सहसा हलत नाही, आणि तीन-चार आठवड्यांत जुळून येतं. प्लास्टर घालतात ते मुख्यतः दुखू नये म्हणून. मूल फार कळवळत असेल, रात्री कूस बदलताना उठत असेल, तर मी गुडघ्याखालचं प्लास्टर घालतो. रांगत-खेळत असेल तर त्याला त्याच्या मर्जीवर सोडतो. ज्या दिवशी पाय टेकवावासा वाटेल, त्या दिवशी ते आपणहून टेकवतं. ‘चाल, चाल’ म्हणत बोट धरून उभं करू नका. नंतर काही दिवस लंगडेल, पाऊल बाहेर टाकेल. त्यासाठी व्यायाम लागत नाहीत.

या काळात पायापेक्षा स्वभाव जास्त दुखावलेला दिसतो. शू सांगायला लागलेलं मूल पुन्हा अंथरुणात करतं, आई दोन पावलं लांब गेली की रडतं. हे मागे जाणं तात्पुरतं असतं, त्यावरून रागावू नये. आणि बाबांनी त्याला उचलायला घाबरू नये. पत्रात शेवटी दोन ओळी होत्या, ‘आता त्याला मीच घेत नाही. बायकोकडेच देतो.’ त्या वाचून मला फार वाईट वाटलं. एक हात पाठीशी, दुसरा दोन्ही मांड्यांखाली, दुखरी नडगी लोंबकळू द्यायची नाही, असं उचलायचं. आजच उचला. मुलाला तुमच्याबद्दल काहीही अढी नाही. त्याला खांद्यावर डोकं टेकायला तुम्ही हवे आहात.

घरातल्या बाकीच्यांनाही हा लेख वाचायला द्या. ‘लक्ष कुठे होतं’ हा प्रश्न या घरात पुन्हा निघता कामा नये. खरं तर बागेत येणाऱ्या बहुतेक आईबापांनी, आजी-आजोबांनी मुलाला मांडीवर घेऊन कधी ना कधी घसरगुंडी केलेली असते. ‘असं करू नका’ सांगणारा फलक घसरगुंडीशेजारी लावलेला मी आपल्याकडे पाहिलेला नाही. तो प्रत्येक बागेत असायला हवा. सोसायटीच्या समितीत असाल तर यंदाच्या सभेत विषय काढा.

हाड जुळलं, मूल पळायला लागलं, की त्याला पुन्हा घसरगुंडीवर न्या. लहान, बुटक्या घसरगुंडीवर त्याला एकटं बसवा आणि तुम्ही बाजूला उभे राहा, हात लगेच पोचेल इतक्या जवळ. उंच घसरगुंडी एकट्याने झेपत नसेल, तर ती अजून त्याच्यासाठी नाही. मांडीवर घेऊन ती झेपेल अशी होत नाही.

भिजलेल्या प्लास्टरचं पुढच्या आठवड्यात नक्की. पावसाळ्यात दुचाकीवरून मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांचे त्यावर बरेच प्रश्न आले आहेत, तेही तेव्हाच घेतो.